आलं भरपूर घालूनही चव का लागत नाही, आणि गोडात घातलं की का बिघडतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही चार गोष्टी सांगितल्यात. रश्श्यात भरपूर आलं घालूनही ते जाणवत नाही. खिरीत किसून घातलं तर दूध फाटलं. केकमध्ये घातलं तर चव पुचाट आणि दातांत धागे. साखरेत पाकवलेल्या चकत्या चामड्यासारख्या चिवट झाल्या आणि वर तोंड भाजलं. शेवटी विचारलंय, "कशात किती आलं घालायचं आणि ताज्याऐवजी सुंठ किती घ्यायची, याचं एक पक्कं प्रमाण द्या."

प्रमाण देते, पण नुसत्या प्रमाणानं तुमचं काम होणार नाही. या चारपैकी एकाही ठिकाणी आलं कमी किंवा जास्त पडलेलं नाही. ते चुकीच्या वेळी पडलंय किंवा चुकीच्या रूपात पडलंय. मी 22 वर्षं मोठ्या स्वयंपाकघरात काम करते, तिखट आणि गोड दोन्ही बाजू सांभाळते. माझ्याकडे नवीन शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण हीच चूक करतं. चव लागली नाही की आलं वाढवायचं, जास्त लागली की कमी करायचं. मिठाच्या बाबतीत हे चालतं, कारण मीठ कधीही घातलं तरी मीठच राहतं. आलं मात्र चुलीवर चढल्यापासून उतरेपर्यंत बदलत राहतं.

आधी कशाकशावर अवलंबून आहे तेही सांगते, म्हणजे खालचे आकडे दगडावरची रेघ समजू नका. साधारण पाच-सहा महिन्यांत काढलेलं कोवळं आलं आणि आठ-नऊ महिने जमिनीत राहिलेलं जून आलं, यांच्या स्वभावात फार फरक असतो. कोवळ्याची साल नखानं निघते, रस भरपूर, धागे जवळजवळ नाहीत, तिखटपणा बेताचा. जून आलं रेषाळ, तिखट आणि पिठूळ. त्यात वाण वेगळा, साठवण वेगळी, खाणाऱ्याची जीभ वेगळी. त्यामुळे मी रोज आल्याची एक पातळ चकती चावून बघते आणि मगच किती घ्यायचं ते ठरवते. तुम्हीही ही सवय लावून घ्या. दहा सेकंदांचं काम आहे.

आता एक प्रयोग करा. अर्धा तास लागेल, पण माझं निम्मं उत्तर त्यातच आहे. एकाच गड्ड्याचे तीन तुकडे घ्या. पहिला बारीक किसून पिळा आणि त्याचा एक लहान चमचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात घाला. दुसऱ्याच्या चकत्या करून वाटीभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. तिसरा किसून चमचाभर तेलात मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परता. चौथ्या वाटीत गरम पाण्यात दोन चिमटी सुंठपूड. आता एकेक घोट घ्या, परतलेलं आलं जिभेवर ठेवा.

कच्च्या रसाला आधी वास येतो, लिंबाच्या सालीजवळ जाणारा. मग जिभेच्या टोकाला चुरचुरतं आणि ते लवकर निवतं. उकळलेल्या पाण्यात तो लिंबाळ वास जवळपास गेलेला असतो, तिखटपणा मात्र घशाकडे सरकलेला असतो. परतलेलं आलं चक्क गोडसर लागतं, भाजल्याचा खमंगपणा येतो, टोचणी कमी होते. सुंठ सुरुवातीला काहीच बोलत नाही. घोट खाली गेल्यावर ती घशात पेटते आणि बराच वेळ तिथेच राहते. एकाच गड्ड्याच्या तीन चवी झाल्या आणि सुंठीची चौथी. तुमच्या पदार्थाला यातली कोणती हवी आहे, हे ठरवल्याशिवाय किती घालायचं या प्रश्नाला अर्थ नाही.

असं का होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं की पाककृती पाठ करावी लागत नाही. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉल नावाच्या घटकाचा असतो. आलं वाळवताना या जिंजरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. ते जिंजरॉलच्या दुपटीहून तिखट. म्हणून सुंठ घशाला लागते. उलट शिजवताना जिंजरॉलचा काही भाग झिंजरोनमध्ये बदलतो. ते बरंच सौम्य आणि गोडसर वासाचं असतं, परतलेल्या आल्याचा खमंगपणा बराचसा त्याचा. लिंबाळ वास सिट्रलसारख्या उडून जाणाऱ्या तेलांचा. ती वाफेबरोबर जातात, वाळवतानाही बरीचशी जातात. आणि एक महत्त्वाचं म्हणजे हे तिखट घटक पाण्यात कमी आणि तेला-तुपात जास्त उतरतात.

आता तुमचा रस्सा घेऊ. तुम्ही लिहिलंय की सगळं वाटण एकदम तेलात घातलं, मग पाणी घालून 40 मिनिटं शिजवलं. वास वाफेबरोबर गेला, टोचणी सौम्य झाली, उरला तो गोडसर खमंगपणा. तोही कांद्याच्या आणि मसाल्याच्या चवीत मिसळून गेला. आलं तिथे आहे, रश्श्याला अंग देतंय, पण ते "मी आलं" म्हणून पुढे येत नाही. पुढच्या वेळी आणखी दुप्पट घातलंत तर रस्सा दाट होईल, तळाला लागेल, आणि आलं तरीही मागेच राहील.

त्यापेक्षा आलं वाटून घ्या, म्हणजे दोन वेळांना विभागून. चार माणसांच्या रश्श्याला मी साधारण 20 ग्रॅम आलं घेते, बोटाची दोन पेरं समजा. त्यातलं 15 ग्रॅम सुरुवातीला तेलात जातं. उरलेलं 5 ग्रॅम बारीक किसून, मुठीत पिळून, त्याचा रस आच बंद केल्यावर वरून. झाकण ठेवायचं आणि पाच मिनिटं उघडायचं नाही. पानात वाढताना जो वास येतो तो या शेवटच्या एवढ्याशा रसाचा असतो. खाणाऱ्याला वाटतं की सगळ्याच रश्श्यात आलं आहे, आणि ते खरंही असतं. सूप, डाळ, शिजवलेल्या भाज्या या सगळ्यांना हीच रीत चालते.

सुरुवातीच्या परतण्याबद्दल दोन शब्द. आल्यात पिष्ट (स्टार्च) असतं, त्यामुळे वाटलेलं आलं कढईच्या तळाला चिकटतं आणि उडतं. आच मध्यमपेक्षा खाली ठेवा, चिकटायला लागलं की चमचाभर पाणी टाकून उलथन्यानं खरवडून घ्या. कच्चट वास जाऊन कडेनं तेल सुटायला लागलं की झालं. घड्याळात सांगायचं तर तीन ते पाच मिनिटं, पण नाकावर जास्त विश्वास ठेवा. लसूण बरोबर घालत असाल तर दोन्ही वेगवेगळं वाटा आणि आलं मिनिटभर आधी घाला. लसूण लवकर करपतो आणि कडू होतो, आल्याला मात्र आपलं पाणी आटवायला वेळ लागतो. एकत्र वाटलं की एकाची घाई दुसऱ्याला भोवते. वेळ नसतो तेव्हा मीही एकत्र वाटते, पण पाहुणे असतील त्या दिवशी नाही.

तयार मिळणारी वाटणं टिकावीत म्हणून त्यात आम्ल आणि मीठ घातलेलं असतं. तळाची चव म्हणून ती चालतात. शेवटी वरून घालायला मात्र अजिबात नको, त्यांच्यात तो ताजा वास उरलेलाच नसतो आणि वर आंबटपणा येतो.

कापण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. आल्याचे धागे गड्ड्याच्या लांबीच्या दिशेनं जातात. आधी आडव्या चकत्या करा, म्हणजे धागे तुटतात आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे होतात. मग काड्या करायच्या असतील तर चकत्यांच्या काड्या करा, बारीक चिरायचं असेल तर त्या चिरा. गड्डा उभा चिरलात तर लांब धागे तसेच राहतात आणि दाताखाली गवताची काडी आल्यासारखं होतं. किसतानाही बारीक दातांची किसणी घ्या आणि गड्डा अशा बाजूनं धरा की धाग्यांची टोकं किसणीला लागतील. शेवटी हातात धाग्यांची एक झुपकेदार शेंडी राहते. ती फेकू नका, पातेलंभर पाण्यात उकळा, सूपाला कामी येते. साल चमच्याच्या कडेनं खरवडली की कोपऱ्याकपाऱ्यांतूनही निघते आणि सुरीपेक्षा आलं कमी वाया जातं. उकळून गाळून टाकायचं असेल तर साल काढूच नका, स्वच्छ घासून धुतलं की पुरे.

आता खिरीकडे येते. इथे मला तुमचं दुःख अगदी आतून कळतं.

माझ्या कामाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी 60 माणसांसाठी दुधाचा गोड पदार्थ करायचा होता. दूध आटवून झालं होतं, साखर विरघळली होती. पातेलं उतरवून ते जरा निवू दिलं आणि ताज्या आल्याचा रस त्यात घातला. मला तो कच्चा, ताजा वास हवा होता. ढवळलं, झाकलं, दुसऱ्या कामाला लागले. दहा-पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर वर पिवळसर पाणी आणि खाली मऊ गुठळ्या. मी दूध देणाऱ्याला बोलले. दूध शिळं होतं, असंच मी धरून चालले होते. त्याच दुधातलं लिटरभर बाजूला राहिलेलं होतं. ते उकळलं तर काहीच झालं नाही, छान राहिलं. मग त्यातलं थोडं निववून त्यात आल्याचा रस घातला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते घट्ट व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची माफी मागितली.

कारण असं की ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, झिंजिबेन. दुधाच्या प्रथिनांवर ते विरजणासारखं नव्हे, तर चीज करताना घालतात त्या रेनेटसारखं काम करतं. पुष्कळांना वाटतं की आलं आंबट असतं म्हणून दूध फाटतं. आल्याचा रस तसा फारसा आंबट नसतोच. हे विकर साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यांत जोरात चालतं आणि त्याहून बरंच तापलं की निकामी होतं. म्हणजे मी ज्या गरमपणाला "आता निवलंय, वास टिकेल" म्हणत होते, तोच त्याचा सगळ्यांत आवडता गरमपणा होता. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात याच गुणाचा उपयोग करून एक गोड पदार्थ करतात. वाडग्यात नुकता पिळलेला आल्याचा रस घेतात, त्यावर सुमारे 70 अंशांचं गोड दूध एका धारेत ओततात आणि हात न लावता ठेवून देतात. काही मिनिटांत दूध दह्यासारखं सेट होतं, इतकं की त्यावर चमचा तोलून ठेवतात. तुमचं नुकसान ते तिथलं कौशल्य.

तुमच्या खिरीसाठी उपाय सोपा आहे. आलं आधी पाण्यात खळखळून दोन-तीन मिनिटं उकळा, मग ते पाणी गाळून दुधात घाला. विकर मेलं की दूध फाटत नाही. किंवा तुपात परतून घाला, ते तर मला जास्त आवडतं, कारण तुपात चव उतरते आणि दुधातल्या स्निग्धतेत ती छान पसरते. आणखी एक शंका विचारते: खिरीत गूळ होता का? गुळामुळेही उकळतं दूध फाटतं, त्यात आल्याचा दोष नसतो. गूळ असेल तर आच बंद करून, दूध जरा निवल्यावर घाला. आलं मात्र तोवर उकळून झालेलं हवं. हे दोन नियम एकमेकांच्या उलट आहेत, गडबड इथेच होते.

याच विकरामुळे कच्च्या आल्याचा रस घातलेली जिलेटिनची जेली सेट होत नाही, कारण जिलेटिनही प्रथिनच. रस उकळून घ्या किंवा अगर-अगर (चायना ग्रास) वापरा, ते प्रथिन नसल्यामुळे त्याला काही होत नाही. आणि याच विकराचा तिखट पदार्थांत फायदा होतो. मांसाला आल्याचा रस चोळून ठेवला की ते मऊ होतं. पण वेळ सांभाळा. हाड नसलेल्या कोंबडीच्या तुकड्यांना मी अर्धा तास देते, मटणाला दोन-तीन तास, माशाला दहा मिनिटं पुष्कळ झाली. रात्रभर ठेवलेल्या तुकड्यांचा वरचा थर पिठासारखा होतो आणि शिजल्यावर चव चांगली असूनही खाताना विचित्र लागतं. रात्रभर मुरवायचंच असेल तर बाकीचा मसाला लावून ठेवा आणि आलं सकाळी लावा.

आतापर्यंतचं दोन वाक्यांत सांगते, कारण पुढे गोडाकडे वळायचंय: आलं लवकर आणि तेलात घातलं तर ते पदार्थाला अंग देतं, उशिरा आणि कच्चं घातलं तर वास देतं. दूध, जिलेटिन किंवा मांस समोर असेल तर कच्चं आलं आधी एक काम करून जातं, ते हवंय की नको हे ठरवा.

गोडात आलं वापरताना एक अडचण असते. साखर तिखटपणा झाकते, त्यामुळे मिश्रण चाखताना बरोबर लागलेलं आलं तयार पदार्थात कमी पडतं. थंड खायचा पदार्थ असेल तर आणखी कमी जाणवतं. त्यावर "जास्त घाला" हे उत्तर अर्धंच आहे. केकचं घ्या. तुम्ही ताजं आलं किसून घातलंत आणि 40 मिनिटं भाजलंत. वास भट्टीत गेला, टोचणी सौम्य झाली, धागे राहिले. केक-बिस्किटांत सुंठच मुख्य, कारण तिचा तिखटपणा भट्टीतही टिकतो आणि मागाहून येतो. घास गिळल्यावर छातीशी ऊब जाणवते ती सुंठीची. 250 ग्रॅम मैद्याला मी दोन लहान चमचे सुंठपूड घेते. पण एकट्या सुंठीचा केक एकसुरी लागतो, औषधासारखा. म्हणून तिच्या जोडीला दीड मोठा चमचा बारीक किसलेलं ताजं आलं लोण्याबरोबर फेटताना घालते, म्हणजे स्निग्धतेत चव उतरते. आणि 50 ग्रॅम पाकवलेल्या आल्याचे मसुराएवढे तुकडे शेवटी मिसळते. दाताखाली ते तुकडे आले की तिथे गोडमिट्ट, तिखट चव फुटते. साखर गडद घ्या, गुळाची पावडर असेल तर उत्तम. सुंठीला गुळाचा करपट-गोड वास फार मानवतो, पांढऱ्या साखरेत ती उघडी पडते. चिमूटभर मीठ विसरू नका. आणि धीर धरा: हा केक भाजल्या दिवशी खाऊ नका. गुंडाळून एक रात्र ठेवा, दुसऱ्या दिवशी मसाला मुरलेला असतो आणि केक ओलसर झालेला असतो.

सुंठपूड कुठली हा प्रश्न प्रमाणापेक्षा मोठा आहे. डबा उघडल्यावर वास नाकात चढला पाहिजे. वर्षभर डब्यात पडून असलेली पूड दोन चमचे घाला नाहीतर चार, लाकडाच्या भुशाची चव येईल. मी अख्खी सुंठ आणते, खलबत्त्यात ठेचते, मग दळते आणि चाळते. चाळणीत उरणारा धागेदार चोथा पाहिलात की दळलेल्या पुडीत काय काय राहून जातं ते कळेल. दोन-तीन महिने पुरेल एवढीच करा.

आता तुम्ही मागितलेलं प्रमाण. एक मोठा चमचा किसलेल्या ताज्या आल्याच्या जागी पाव लहान चमचा सुंठपूड. हे फक्त तिखटपणापुरतं आहे. ज्या पदार्थात आल्याचा ताजेपणा हवा, उदाहरणार्थ सरबत, फळांचं मिश्रण, वरून घालायचा रस, तिथे सुंठ कितीही घातली तरी ती जागा भरत नाही. उलट बिस्किटांत सुंठीच्या जागी ताजं आलं घातलंत तर पीठ ओलं होईल आणि ऊब येणार नाही. अदलाबदल करायची वेळ आलीच तर रश्श्यात करा, तिथे फारसं बिघडत नाही.

सरबताचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट आवर्जून करून बघा. आलं किसून पिळा, रस काचेच्या पेल्यात पंधरा मिनिटं तसाच ठेवा. तळाला पांढरा, घट्ट थर बसतो, चुना निवळल्यासारखा. ते आल्यातलं पिष्ट. वरचा सोनेरी रस हलक्या हातानं ओतून घ्या, थर मागे ठेवा. सरबत नितळ होतं आणि घशात ती खरखर राहत नाही. लिंबू त्यात चांगलं लागतं, कारण दोघांच्याही वासात सिट्रल आहे, एक दुसऱ्याला उचलतो. कोवळं आलं मिळालं तर आणखी एक गंमत दिसते. त्याच्या पातळ चकत्या मीठ लावून, साखर घातलेल्या गरम व्हिनेगरमध्ये बुडवल्या की त्या आपोआप फिकट गुलाबी होतात. कोवळ्या आल्याच्या गुलाबी टोकांतला रंग आम्लात खुलतो. जून आल्याला हे होत नाही.

राहिल्या तुमच्या चिवट चकत्या. तुम्ही चकत्या थेट साखरेच्या पाकात शिजायला टाकल्यात, हीच मेख आहे. साखरेच्या दाट पाकात कुठलंही कंद किंवा फळ नीट मऊ होत नाही. पाक आतलं पाणी ओढून घेतो आणि ते आक्रसतं. एकदा पाकात गेलं की मग तासभर शिजवा, ते आणखी चिवट होणार. म्हणून आधी पाण्यात पूर्ण मऊ करायचं, साखर त्यानंतर.

सोललेलं 250 ग्रॅम आलं घ्या, शक्यतो कोवळ्याकडे झुकणारं. आडव्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळून ते पाणी ओतून द्या, तोंड भाजणारा उग्रपणा बराचसा त्यात जातो. अगदी सौम्य हव्या असतील तर हे पुन्हा एकदा करा. मग नव्या पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवा. चकती दोन बोटांत दाबली की ती दबली पाहिजे, वाकून परत उभी राहिली तर अजून वेळ आहे. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. मऊ झाल्यावर 250 ग्रॅम साखर आणि त्याच शिजवलेल्या पाण्यातलं वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ठेवा. पाक एकतारी झाला, थर्मामीटर असेल तर 105-106 अंश, की आच बंद करून रात्रभर तसंच मुरू द्या. साखर हळूहळू आत जाते, चकत्या काचेसारख्या अर्धपारदर्शक दिसायला लागतात. सकाळी पुन्हा तेवढंच गरम करून जाळीवर निथळा, तासाभरानं साखरेत घोळवा. चिकटपणा राहिला तर आणखी वाळू द्या, पुन्हा उकळायला जाऊ नका.

निथळलेला पाक बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. तो या कामातला खरा नफा आहे. भाजलेल्या गाजरांवर किंवा भोपळ्यावर शेवटच्या पाच मिनिटांत तो दोन चमचे ओतून, वर लिंबू आणि मीठ घालून बघा, गोड आणि तिखट एका घासात येतं.

आल्याची साठवण थोडक्यात: अख्खा गड्डा कोरडा ठेवून कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, तीन आठवडे सहज राहतो. जास्त असेल तर न सोलता गोठवा आणि गोठलेलाच किसा. धागेही त्रास देत नाहीत. पण वितळू दिलात तर तो लिबलिबीत होतो आणि चिरता येत नाही. आतून निळसर कडं दिसलं तर घाबरू नका, काही वाणांत ते असतंच. बुरशी, मऊ पडलेला भाग किंवा कुबट वास असेल तर मात्र टाकून द्या.

आणि कधी हात सढळ झालाच, रस्सा फार तिखट झाला, तर पाणी वाढवू नका. तिखट घटक पाण्यात कमीच उतरतात, चव मात्र पातळ होते. नारळाचं दूध किंवा साय घाला, गुळाचा खडा टाका आणि मंद आचेवर झाकण न ठेवता आणखी दहा मिनिटं शिजू द्या. गोडात जास्त झालं तर तूप किंवा साय हाच उपाय, साखर वाढवून फारसं साधत नाही.

खीर या आठवड्यात पुन्हा करणार असाल तर अशी करा: लिटरभर दुधाला 10 ग्रॅम आलं, आडवं चिरून बारीक केलेलं. चमचाभर तुपात कडा तांबूस होईपर्यंत परता, त्यावर पाव वाटी पाणी घालून दोन मिनिटं उकळा, मग गाळून आटलेल्या उकळत्या दुधात घाला. गाळणीतला चोथा चमच्यानं दाबून तूप पूर्ण निथळू द्या, चव त्या तुपातच आहे.